आळ गिझरवर, दोष छतात

दिवाळीच्या आधी आमच्या ठाण्याच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. सकाळी गिझर लावला की आरसीसीबी (घरात गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की वीज तोडणारा स्विच) पडायची आणि अख्खं घर अंधारात. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. आई दोनदा साबण लावलेल्या अंगाने अंधारात अडकली, तेव्हा मात्र मी घाबरलो. सत्तरीच्या बाईचा ओल्या फरशीवर पाय सरकायला कितीसा वेळ लागतो?

बाकीच्या सगळ्या एमसीबी (प्रत्येक सर्किटचे वेगवेगळे स्विच) बंद ठेवून मी एकटा गिझर लावून पाहिला. तरी पडली. म्हणजे दोष गिझरचाच, असं मी धरून चाललो. कॉइल बदलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग आमच्या नेहमीच्या वायरमन काकांना बोलावलं. माझी तपासणी ऐकून ते म्हणाले, "अरे, एमसीबी पाडलीस की फेज, म्हणजे वीज आणणारी वायर तुटते. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर कुठे तुटते? सगळ्या काळ्या वायरी त्या एकाच पट्टीवर आहेत बघ."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिव्यांच्या सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकत असेल, तर दिवे बंद असले तरी तो टेकलेलाच राहतो. गिझर आठ-नऊ अँपिअर ओढायला लागला की परतीच्या करंटचा थोडा वाटा त्या चोरवाटेने अर्थमध्ये जातो. आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरकही पुरतो.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून काकांनी पट्टीवरच्या काळ्या वायरी एकेक सोडवल्या आणि हाताने फिरवायचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावलं. ते ५०० व्होल्ट डीसी सोडतं, त्यामुळे घरातली सगळी उपकरणं आधी प्लगमधून काढली. अडचण होती छतातल्या एलईडींची. आधीच्या मालकांनी पीओपीचं खोटं छत करताना एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणाऱ्या डब्या) आतच बंद करून टाकलेत, ते सोडवणार कसे? काकांनी त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळले आणि दोन्हींची मिळून अर्थशी चाचणी घेतली. दोन्ही टोकांना सारखाच दाब असला की ड्रायव्हरला इजा होत नाही. ही युक्ती मला फार आवडली.

काटा मात्र अनंतावर, म्हणजे गळती कुठेच नाही. किमान १ मेगओहम हवा, इथे तर सगळं उत्तम! मी खट्टू झालो. काका म्हणाले, "झाडू आण."

ते मेगर फिरवत राहिले आणि मी झाडूच्या दांडीने छत हलकेच ठोकत निघालो. हॉल, काही नाही. पॅसेजच्या तोंडाशी ठोकलं आणि काटा धाडकन शून्यावर आला. पुन्हा ठोकलं, परत वर. पंख्याच्या कंपनाने तिथे काहीतरी टेकत-सुटत होतं, म्हणूनच ते रोज होत नव्हतं.

जवळची डाऊनलाईट (छतात बसवलेला गोल दिवा) स्प्रिंगा दाबून खाली ओढली. त्या तीन इंची भोकातून मोबाईल आत घालून टॉर्च लावून व्हिडिओ काढला. पीओपीच्या चौकटीच्या पत्र्यावर तीन काळ्या वायरींचा पीळ पडलेला होता. उष्णतेने टेपचा गोंद वितळून टेप सुटलेली, आणि केसाएवढी तांब्याची एक तार शेजारच्या हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीच्या उघड्या जोडाला टेकलेली. एवढ्याशा तारेसाठी आम्ही गिझरची कॉइल बदलली होती.

जोड भोकापासून दीड हात लांब. हात पोचेना. अख्खं पीओपी तोडायची माझी तयारी होती, पण काकांनी माप घेऊन बरोबर त्याच्याखाली नवीन भोक पाडलं. टेपऐवजी कनेक्टर लावला, जोड डबीत बंद केला आणि त्या भोकात नवी डाऊनलाईट बसवली. आता ती ओढली की जोड हाताशी. जोड असा पोचता येईल तिथेच असायला हवा. पीओपी करणाऱ्याने तो गाडून टाकणं मला अजिबात मान्य नाही.

पुन्हा मेगर, पुन्हा झाडू. काटा हलला नाही. मेन चालू केलं, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते ना हे पाहिलं, मग गिझर आणि सगळे पंखे एकदम लावले. आई म्हणाली, "आता मी जाते बाई अंघोळीला."

छतात कुठे कुठे जोड आहेत त्याचा नकाशा काढून मी डीबीच्या (एमसीबी असलेल्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवला आहे. खाली पेन्सिलने तारीख आणि मेगरचं रीडिंग.