सभेत आम्ही नसतो, आमचा कागद असतो

आमचं काम इमारत दुरुस्तीचं. गळके टेरेस, पोकळ झालेलं प्लास्टर, सळया उघड्या पडलेले कॉलम, बाहेरचा रंग. डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यापर्यंतचा पट्टा. नवरा साइट बघतो, मी ऑफिस. जीएसटी यायच्या बऱ्याच आधी सुरुवात केली तेव्हा ऑफिस म्हणजे एक लेटरहेडचं पॅड, एक रबरी शिक्का आणि माझी एका कॉन्ट्रॅक्टरकडे हिशेब लिहून आलेली सवय, एवढंच होतं.

कोटेशन एका पानाचं असायचं. ‘टेरेस वॉटरप्रूफिंग, अमुक रुपये स्क्वेअर फूट, टॅक्स वेगळा, पाणी-लाइट सोसायटीची, दहा वर्षं गॅरंटी.’ खाली सही. सगळा बाजार असंच लिहायचा, बराचसा अजूनही लिहितो. कामं मिळायची, कारण ती ओळखीवर मिळायची. पुढे ओळखीच्या बाहेरच्या सोसायट्यांची दारं वाजवायची वेळ आली, आणि तिथे त्या एका पानाला कुणी विचारेना.

सोसायटीत निर्णय कसा होतो ते बघितलं की याचं कारण कळतं. आपण बोलतो सेक्रेटरींशी. ते बिचारे नोकरी सांभाळून हे पद सांभाळतात. त्यांना आपण टेरेसवर नेतो, कुठे भेग आहे, कुठे पाणी साचतं ते दाखवतो, त्यांना पटतंही. पण खर्च कमिटीच्या अधिकारापलीकडचा असला की विषय सर्वसाधारण सभेत जातो. तिथे आपण नसतो. असतात ते तीन कॉन्ट्रॅक्टरचे तीन कागद आणि चाळीस सभासद. तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहतात आणि विचारतात, “याचे साडेपाच लाख, त्याचे साडेतीन. दोन लाख कशाचे जास्त?” सेक्रेटरींना उत्तर माहीत असतं, पण सांगता येत नाही. सांगायला गेले तर ‘तुमचं काही ठरलंय का त्यांच्याशी?’ हा प्रश्न तयारच असतो. मग साडेतीनवाला पास.

तेव्हापासून मी प्रस्ताव सेक्रेटरींसाठी लिहीत नाही, त्या काकांसाठी लिहिते. उत्तर कागदातच असायला हवं, तेही सेक्रेटरींना फक्त मोठ्याने वाचून दाखवता येईल असं.

कोब्याचंच घ्या. आपल्याकडच्या जुन्या टेरेसवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला उताराचा थर. तो तडकला की दोन रस्ते: जुना काढून स्लॅब दुरुस्त करून नवा टाकायचा, किंवा जुन्यावरच दुसरा थर चढवायचा. दुसरा रस्ता अर्थातच स्वस्त. फोडकाम नाही, डेब्रिज म्हणजे फोडलेला मलबा उतरवणं नाही, टेम्पो नाही. पण चार इंच कोब्याचं वजन स्क्वेअर फुटाला साधारण अठरा-वीस किलो भरतं. तीन हजार स्क्वेअर फुटांच्या टेरेसवर दुसरा थर टाकला म्हणजे पन्नास-साठ टन जादा ओझं, तेही तीस-पस्तीस वर्षं जुन्या स्लॅबवर. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी आत कोंडून राहतं आणि वरून नवं काम झालं तरी खालच्या घरात ओल तशीच. हे सगळं आम्ही प्रस्तावात पाच-सहा ओळींत लिहितो, फोटोसकट, टनाचा हिशेब त्याच सोसायटीच्या टेरेसच्या मापावर काढून. ‘दर्जेदार काम’, ‘उच्च प्रतीचं मटेरियल’ हे शब्द मी कागदातून हद्दपार केलेत. साठ टन हा आकडा सभेत ऐकला की काका स्वतःच दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला विचारतात, “तुम्ही जुना काढणार की नाही?”

यातूनच एक युक्ती सुचली. कमिटी तीन कोटेशन आली की तुलनात्मक तक्ता करते, आणि त्या तक्त्यात हमखास एकच रकाना उरतो, दराचा. म्हणून आम्ही प्रस्तावासोबत एक कोरा तक्ता जोडायला लागलो. डाव्या बाजूला प्रश्न: जुना कोबा काढणं धरलंय का? डेब्रिज कुठपर्यंत नेणार? पॅरापेटच्या, म्हणजे टेरेसच्या कठड्याच्या, आतल्या बाजूचं प्लास्टर धरलंय का? पाइपांभोवतीचे जोड? पाणी साठवून चाचणी किती तास? जीएसटी धरून की वेगळा? उजवीकडे तीन रिकामे रकाने. आमचं नाव कुठेही नाही. कमिटीला आयता कागद मिळतो, ती तो सगळ्या कॉन्ट्रॅक्टरना भरायला देते. आमच्यापेक्षा स्वस्त आणि सगळं धरलेला कुणी निघाला तर काम त्याला जावं, आमची तक्रार नाही. अर्धं काम दाखवून पूर्ण कामाशी बरोबरी करणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

टेरेस मोजता येतो. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, दुरुस्तीचा प्रस्ताव लिहिणं खरं कठीण, कारण काम किती आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. सळई गंजली की फुगते, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडते. बाहेरून हातोडीने ठोकून बघितलं की पोकळ जागा आवाजावरून कळते, पण भेग आत कुठवर गेलीय ते कळत नाही. इथे ‘सगळं मिळून इतके लाख’ असं ठोक लिहून देणारा एक तर जादा रक्कम धरतो, नाही तर काम अर्ध्यावर आलं की ‘आणखी निघालं’ म्हणून हात वर करतो. आम्ही आयटेमप्रमाणे दर देतो आणि परिमाण अंदाजे असल्याचं स्पष्ट लिहितो. आमच्या कागदावरचा तो परिच्छेद जसाच्या तसा देते (पॉलिमर मॉर्टर म्हणजे काँक्रीट दुरुस्तीचा खास मसाला):

‘पॉलिमर मॉर्टरच्या दुरुस्तीचं क्षेत्रफळ ठोकून बघितल्यावर ४०० चौरस फूट अंदाजलं आहे. सैल काँक्रीट काढल्यानंतर कमिटीच्या दोन सभासदांसमोर प्रत्यक्ष मोजमाप होईल, वहीत दोन्ही बाजूंच्या सह्या होतील. क्षेत्रफळ अंदाजापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त निघालं तर लेखी मंजुरी मिळेपर्यंत जादा भागाचं काम सुरू करणार नाही.’

सुरुवातीला नवऱ्याचा या शेवटच्या वाक्याला विरोध होता. परांची उभी, माणसं रोजावर, आणि मंजुरीसाठी थांबायचं? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, एखाद्या साइटवर खरंच थांबावं लागतं. पण या वाक्यामुळे बिलाच्या वेळचे वाद जवळपास संपले, आणि अडकलेल्या बिलापेक्षा थांबलेली परांची परवडते.

मोजमापाचंही तसंच. बाहेरच्या प्लास्टर-रंगात खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, यावरून एका सोसायटीने आमचं शेवटचं बिल कितीतरी महिने लटकवलं होतं. खरं तर मोजणीचे नियम आयएस १२०० या मानकात आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट प्लास्टरमध्ये होत नाही, त्यापुढच्या जागांना वेगळे नियम. आता प्रस्तावातच लिहितो की मोजणी आयएस १२०० प्रमाणे, आणि त्या इमारतीच्या एका खिडकीचा नमुना हिशेब काढून दाखवतो. सोसायटीत एक तरी निवृत्त इंजिनिअर असतोच, तो हे पान आवर्जून वाचतो आणि मग आमच्या बाजूने बोलतो.

पैशांचं पान सगळ्यात आधी उघडलं जातं, म्हणून ते आम्ही लपवत नाही, दुसऱ्याच पानावर ठेवतो. जीएसटी १८ टक्के धरूनच बेरीज. बहुतेक छोट्या सोसायट्यांना त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यांच्या दृष्टीने तो खर्चच. त्याखाली प्रत्येक फ्लॅटवर किती येतील ते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान पाव टक्का दरवर्षी जमायला हवा, पण जुन्या इमारतींचा बांधकाम खर्चच इतका कमी की तो निधी पुरतो कुठे! मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळावर काढतात, तेव्हा वन आरके, वन बीएचके, टू बीएचके असा तीन ओळींचा तक्ता. ‘बारा लाख’ ऐकून सभा गप्प होते. ‘वन बीएचकेला तीन हप्त्यांत इतके’ म्हटलं की बोलणी सुरू होतात.

गॅरंटीबद्दल थोडक्यात. वर्षं कमी लिहा, अपवाद पूर्ण लिहा. टेरेसवर केबलवाल्याने मारलेला खिळा, डिशचा स्टँड, हल्ली सोलरच्या स्ट्रक्चरचे बोल्ट, हे सगळं आमच्या कागदावर नावानिशी असतं. पाच टक्के रक्कम सोसायटीने राखून ठेवायची आणि पुढचा पावसाळा पार पडल्यावर द्यायची, हेही आम्हीच सुचवतो. दहा वर्षांच्या स्टॅम्प पेपरपेक्षा लोकांचा यावर जास्त विश्वास बसतो.

वेळेचं गणितही शिकलो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे ती नेमकी गळतीच्या तक्रारी ताज्या असताना होते. मे महिन्यात घाईघाईने ‘पावसाआधी करून द्या’ म्हणून मागवलेल्या कोटेशनातून क्वचितच काम होतं. आमचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये. भर पावसात पाहणी, ओलीचे फोटो त्याच वेळचे, प्रस्ताव सभेच्या पंधरवडाभर आधी कमिटीच्या हातात, आणि काम दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर.

गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा लागतो: पुनर्विकासाचं काही चाललंय का? तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं, आणि ऑडिटचा अहवाल आला की निम्म्या सभासदांना दुरुस्ती हवी असते, निम्म्यांना बिल्डर. अशा ठिकाणी मी दोन प्रस्ताव देते. एक पूर्ण दुरुस्तीचा. दुसरा फक्त धोक्याच्या जागांचा: सुटलेले छज्जे, जिन्याखालचे कॉलम, टेरेसवर साधं कोटिंग, गॅरंटी तीनच वर्षं, आणि वर ठळक अक्षरांत ‘ही तात्पुरती दुरुस्ती आहे’. बहुतेक वेळा दुसराच पास होतो. रक्कम पहिल्याच्या पावपटसुद्धा नसते, नवरा कुरकुरतो. पण परांची बांधल्यावर सोसायटीने बिल्डरशी करार करून काम मध्येच थांबवणं आम्हाला त्याहून महाग पडतं. येत्या दिवाळीनंतरची आमची बरीचशी कामं या दुसऱ्या प्रकारचीच आहेत.