आमची वाटचाल : आधी मीटर, मग लॅम्प

प्रोजेक्टर सर्व्हिसच्या धंद्यात आमची फर्म मीटरमुळे, म्हणजे पडद्यावरचा उजेड मोजायच्या यंत्रामुळे, ओळखली जाते, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. पांढऱ्या टेस्ट पॅटर्नवर पडद्याच्या मध्यभागी 14 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे 48 कॅन्डेला प्रति चौरस मीटर, इतका उजेड हे डिजिटल सिनेमाचं प्रमाण. रीडिंग घेतल्याशिवाय आमचा माणूस लॅम्पहाउसला, म्हणजे प्रोजेक्टरमधल्या लॅम्पच्या कप्प्याला, हात लावत नाही.

फिल्म गेली, डिजिटल आलं, कामं वाढली, माणसं वाढली. ती वर्षं बरी गेली. मग एका स्पर्धकाने लॅम्पसोबत सर्व्हिस फुकट अशी स्कीम काढली. चित्र काळपट दिसतंय अशी तक्रार आली की त्याचा माणूस यायचा, नवा झेनॉन लॅम्प बसवायचा, करंट कमाल पातळीला नेऊन ठेवायचा आणि बिल फाडायचा. काही आठवडे पडदा झगमगायचा. मोजमापाचे पैसे लावणारे आम्ही महाग ठरलो. आमचा सर्वांत मोठा ग्राहक, एक मल्टिप्लेक्स साखळी, एका ई-मेलवर तुटला. वर 'तुम्ही उगाच शास्त्र सांगता' हेही ऐकून घ्यावं लागलं. ते अजून सलतं. पगार थकले. हाताला धरून अलाइनमेंट शिकवलेली पोरं त्याच स्पर्धकाकडे गेली. स्पॉट मीटर विकायचीही वेळ आली होती, पण तो विकला नाही.

त्या काळात एकपडदा थिएटरवाले काका आमच्या पाठीशी राहिले. त्यांच्या भागीदाराने ती स्कीम घेतली होती. नव्या लॅम्पवर आणखी नवा लॅम्प झाला, तरी अंधाराचे सीन वाचता येईनात. काकांचा फोन आला, "पैशांचं नंतर बघू. तुझा मीटर घेऊन ये."

मधल्या रांगेतून रीडिंग घेतलं तर नऊच्याही खाली. पोर्ट ग्लास, म्हणजे प्रोजेक्टरसमोरची केबिनच्या खिडकीची काच, पुसली, किंचित फरक पडला. थ्रीडीचा पोलरायझर फिल्टर प्रकाशाच्या वाटेत राहिला असेल तर टूडी चित्र असंच मरतं, पण तोही बाजूलाच होता. मग रंगदुरुस्ती बंद करून लाल, हिरवा, निळा वेगवेगळा मोजला. निळा साफ पडलेला. चित्र पिवळट दिसतं म्हणून कुणीतरी कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांची जुळवणी, करून लाल-हिरव्यालाही त्याच्या पातळीवर खाली ओढलं होतं. प्रकाश तिथेच गेला होता.

लॅम्प थंड होऊ दिला. फेस शील्ड, जाड जॅकेट, हातमोजे चढवले आणि मगच लॅम्पहाउस उघडलं. थंड झेनॉनमध्येही हवेच्या कित्येक पट दाब असतो. शील्डशिवाय उघडणाऱ्याला केबिनबाहेर काढा, मग तो कितीही अनुभवी असो. रिफ्लेक्टरवर धूळ होतीच. पण खरा दोषी पुढे होता. इंटिग्रेटर रॉडच्या, म्हणजे लॅम्पचा प्रकाश एकसारखा करणाऱ्या काचेच्या दांडीच्या, तोंडावर उष्णतेने भाजून बसलेला तपकिरी थर! एअर फिल्टर कधी बदललाच नव्हता. सावकाश साफ केलं, लॅम्प एक्स, वाय, झेड तिन्ही दिशांना सरकवत मीटरवर जास्तीत जास्त रीडिंग पकडलं, रंग नव्याने लावले. चौदा भरले. लॅम्प तोच, आणि करंटही खाली आणला.

काकांनी स्वतः फोन करून इतर मालकांना सांगितलं, तिथून गाडी रुळावर आली. त्या साखळीच्या काही केबिन्सही परत आल्या. माफी कुणी मागितली नाही.

मालकमंडळींनी एवढं तरी करावं. नवा लॅम्प बसला की त्याच दिवशीचं रीडिंग, करंट आणि लॅम्पचे तास वहीत लिहून ऑपरेटरची सही घ्यावी. नव्या लॅम्पला पहिल्या दिवसापासून कमाल करंट देणाऱ्याला परत बोलावू नये, कारण लॅम्प जुना होईल तसा वाढवायला मग काही उरत नाही. थ्रीडीसाठीचा रुपेरी (सिल्व्हर) पडदा असेल तर कडेच्या खुर्च्यांतूनही मोजून घ्यावं, मध्यभागाचा आकडा तिथे फसवतो.

आता लेझर आलंय. तिथे विकायला लॅम्पच नाही, आणि प्रकाश मात्र तिथेही उतरतो. मध्यंतरी त्याच स्पर्धकाकडून मीटर भाड्याने मिळेल का अशी विचारणा आली. मीटर आम्ही भाड्याने देत नाही. मोजायला बोलवा, येऊ.