तुम्ही विचारलंत म्हणून: आयक्यू १२४ आलाय, आता काय करू?

'मुलीचा आयक्यू १२४ आलाय. 'गिफ्टेड' म्हणायला १३० लागतात म्हणे. परत टेस्ट करून घेऊ का? आणि नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवू का?' इंदूरच्या मराठी घरांतून मूल चौथी-पाचवीत आलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांना आकडा तोंडपाठ असतो, चाचणी कोणती होती ते विचारलं की मात्र फाइल शोधावी लागते. फाइल आधी शोधा.

मुलांचा आयक्यू बहुधा वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीवर काढतात. तिच्यात सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) १५ धरलेलं असतं. १३० म्हणजे साधारण ९८ वा पर्सेंटाइल, १२४ म्हणजे ९५ च्या जवळपास. हे टक्के नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांत आपलं मूल खालून कितव्या जागी उभं आहे, एवढंच ते सांगतात. शिवाय मोजणीत पाच-सहा गुणांचं इकडेतिकडे व्हायचंच. हा काही सराफ्यातला काटा नव्हे. १२४ लिहिलंय तिथे साधारण ११८ ते १२९ असं वाचायचं. चांगल्या रिपोर्टात हा पट्टा छापलेला असतो. नसेल तर मागून घ्या.

खरा मजकूर आतल्या पानावर असतो. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीत (हिची भारतीय आवृत्तीही आहे) चार निर्देशांक येतात: भाषिक आकलन, आकृत्यांवरचं तर्कशास्त्र, कार्यस्मृती आणि कामाचा वेग. समजा ते ११२, १३६, १२६ आणि १०४ आले. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात २३ किंवा जास्त फरक पडला, की एकत्रित आयक्यू फारसा कामाचा राहत नाही. अशा वेळी पहिल्या दोन निर्देशांकांवरून 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढता येतो. तो काढून द्या म्हणून मानसशास्त्रज्ञांना सांगायला संकोच करू नका. वेग कमी येण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. दोन मिनिटांत आकड्यांखाली खुणा भरायच्या असतात, आणि सुवाच्य अक्षराची शिस्त लागलेलं मूल प्रत्येक खूण कोरत बसतं.

भाषिक आकलन घसरण्याचं कारण आपल्याकडे घरातच सापडतं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. 'लॉक म्हणजे काय?' असं इंग्रजीत विचारलं की मूल 'दॅट इज... चाबी से खुलता है' म्हणून थांबतं. त्याला माहीत सगळं असतं, पण पूर्ण गुण मिळतीलच असं नाही. मग मराठीतून चाचणी घ्यावी का? बिने-कामत चाचणी मराठीत आहे, पण ती १९३० च्या दशकातली. तिची भाषा इंदूरच्या मुलाच्या कानावरची नव्हे. शिवाय तिचा आयक्यू मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून, शंभराने गुणून काढतात, त्यामुळे तिथले १३० आणि वेक्सलरचे १३० शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. मालिन यांची भारतीय चाचणी अजून सर्रास वापरली जाते. तीही १९४९ च्या वेक्सलरवर बेतलेली आहे, आणि नॉर्म्स (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते आकडे) जुने असले की आयक्यू फुगतो. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलासाठी माझं मत असं, की शब्दांशिवायची रेव्हनची चाचणीही जोडीला घ्यावी. लहान मुलांच्या रंगीत संचात ३६ आकृत्या असतात, मोठ्यांच्या संचात ६०.

जन्मतारीखही तपासा. वेक्सलरची गुणकोष्टकं चार-चार महिन्यांची असतात: ८ वर्षं ३ महिन्यांचं मूल एका कोष्टकात, ८ वर्षं ४ महिन्यांचं पुढच्या. शाळेत नाव घालताना वय कमी 'लिहवलं' असेल, तर चाचणीच्या वेळी खरी तारीख सांगा. नाहीतर मूल आहे त्याहून लहान धरलं जातं आणि गुण उगाच वाढतात.

आता नवोदय. तिथे तुमचा आयक्यूचा कागद कोणी पाहत नाही. सहावीच्या निवड परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण: मानसिक क्षमता ४० प्रश्न, अंकगणित २०, भाषा २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकीला वजाबाकी नाही. मानसिक क्षमतेचे प्रश्न सगळे आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडणं. म्हणजे रिपोर्टातला दुसरा निर्देशांक चांगला असेल तर परीक्षेचा निम्मा भाग मुलाच्या आवडीचा आहे. उरलेला निम्मा सरावाचा: अपूर्णांक, शेकडेवारी, आणि उतारा वाचून उत्तरं.

इंदूर शहरातल्या पालकांनी एक हिशेब मात्र अर्ज भरण्याआधीच करावा. जिल्ह्याच्या शाळेत जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. तिसरी, चौथी, पाचवी या वर्गांत मूल एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकलं असलं, तरी ते शहरी धरलं जातं. म्हणजे उरतात वीसच्या आत जागा, त्यातही प्रवर्गांचं आरक्षण. परीक्षा एकदाच देता येते. शाळा मानपूरला, निवासी. दहा-अकरा वर्षांचं मूल वसतिगृहात राहील का, हे कुठल्याही चाचणीत मोजलेलं नसतं.

पुण्याला जायची तयारी असलेली घरं ज्ञानप्रबोधिनीचंही विचारतात. तिथली प्रशाला १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठी चालते आणि पाचवीचा प्रवेश स्वतःच्या चाचण्यांवर देते. त्यामुळे त्यासाठी इथे वेगळा आयक्यू काढून घ्यायची गरज नाही.

राहता राहिला परत चाचणीचा प्रश्न. तीच चाचणी वर्षाच्या आत घेतली तर गुण वाढतात, विशेषतः आकृत्यांच्या आणि वेगाच्या भागात, कारण काय करायचं ते मुलाला कळलेलं असतं. त्या वाढीला जाणकार किंमत देत नाहीत. चाचणीच्या दिवशी ताप होता, मूल रडलं, मध्येच उठलं, अशी नोंद रिपोर्टात असेल तर पुन्हा घ्या, पण वेगळी चाचणी घ्या आणि पहिला रिपोर्ट सोबत न्या. १२४ चे १३० व्हावेत एवढ्यासाठीच घ्यायची असेल, तर त्या पैशांत अपूर्णांकांची शिकवणी लावा.