सात-दोन

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल फायनलला तीन आठवडे झाले. त्या सामन्यातली एक शिट्टी माझ्या डोक्यातून जात नाही. पंच म्हणून ती मीच वाजवली होती.

यजमान कॉलेजच्या मुली मैदानभर मॅन-टू-मॅन प्रेस, म्हणजे एकेकीने एकेकीला धरून दाब ठेवणारा बचाव, खेळत होत्या. तालुक्याच्या गावाहून आलेल्या पाहुण्या मुली टू-थ्री झोन, म्हणजे दोघी पुढे आणि तिघी मागे जागा राखतात तो बचाव, लावून रिंगखाली थांबायच्या. हे आधी सांगतो, कारण फाउलचा हिशेब इथेच ठरतो. जी टीम अंगावर जाऊन चेंडू काढायला बघते, तिचा हात समोरच्या मनगटावर पडणारच. जी मागे राहून जागा अडवते, तिचे फाउल कमी होणार. प्रेक्षकांना हे पटत नाही. पंगतीत जिलेबी वाढतात तसे दोन्हीकडे सारखे फाउल वाढावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. वाईट याचं वाटतं की अनेक कोचही तसंच मानतात.

चौथ्या क्वार्टरची सव्वातीन मिनिटं उरली होती. त्या क्वार्टरचे टीम फाउल सात-दोन, यजमानांचे सात, पाहुण्यांचे दोन. पाचव्या फाउलपासून पुढे समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे फेक), म्हणजे पाहुण्यांना सहा मिळाले होते. त्यातले दोनच पडले. तेवढ्यात यजमानांचे कोच साइडलाइनवरून म्हणाले, "सर, टेबलाकडे बघा जरा. सात-दोन! समोरच्या मुली कुणाला शिवतच नाहीत का?"

मी उत्तर दिलं नाही. टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल, द्यावा इतकं ते मोठं नव्हतं. पण माझी मान स्कोअररच्या टेबलाकडे वळली. यजमानांच्या बाजूला फाउलची मर्यादा भरल्याचा लाल मार्कर उभा होता, पाहुण्यांची बाजू रिकामी होती.

त्यानंतरच्या सलग तीन शिट्ट्या पाहुण्यांविरुद्ध गेल्या. तिन्ही माझ्या.

पहिल्या शिट्टीबद्दल मला शंका नाही. रिंगजवळ जाऊन लेअप मारणाऱ्या मुलीच्या हातावर फटका बसला होता, आवाज मागपर्यंत गेला असेल. दुसरी रिबाउंडच्या, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्याच्या वेळची, पाठीत कोपराचा हलका धक्का. बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लागणारच. त्या स्पर्शाने समोरच्या खेळाडूचं काही नुकसान झालं का, ते बघून आम्ही शिट्टी फुंकतो. असाच धक्का मी पहिल्या क्वार्टरपासून दोन्ही बाजूंना तीन-चारदा सोडला होता. या वेळी सोडला नाही.

तिसरी शिट्टी चाळीस सेकंद उरले असताना. स्कोअर ५१-५०, यजमान एका गुणाने पुढे. पाहुण्यांची कॅप्टन, अकरा नंबर, चार फाउलवर खेळत होती, पाचव्याला बाहेर. ती उजवीकडून ड्राइव्ह करत आत घुसली, समोर यजमानांची उंच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी मुलगी. मी लीड होतो, म्हणजे रिंगमागे बेसलाइनवर, दोघींपासून चार पावलांवर.

इथे काय बघायचं ते आम्हाला पहिल्या शिबिरात घोटून शिकवतात. चेंडू बघायचा नाही, डिफेंडर बघायची. तिने तोंड समोर करून दोन्ही पाय टेकवले का? मारणारीचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी ती वाटेत उभी होती का? तोपर्यंत ती बाजूला किंवा मागे सरकली तरी चालतं. उडी घेतल्यानंतर वाटेत आली तर तो तिचा फाउल, ब्लॉकिंग. मी हे नव्या मुलांना खडूने मैदानावर आखून दाखवतो, आणि ते मी चांगलं शिकवतो.

त्या क्षणी मी डिफेंडरकडे बघत नव्हतो. मी अकरा नंबरकडे बघत होतो.

छातीवर धडक, सेंटर पाठीवर पडली, चेंडू आत गेला. मी मूठ वर केली आणि चार्जिंग, म्हणजे धडक मारणारीचा फाउल, दिला. चेंडू हातातून सुटण्याआधी धडक झाली होती, म्हणून बास्केट रद्द. चेंडू ताब्यात असलेल्या टीमचा, म्हणजे टीम-कंट्रोल फाउल, त्यामुळे फ्री थ्रो नाहीत, चेंडू यजमानांना. टेबलावर पाचची पाटी वर गेली आणि अकरा नंबर बाहेर. पुढे पाहुण्यांनी फाउल केला, यजमानांचे दोन्ही फ्री थ्रो पडले. ५३-५०.

स्कोअरशीटवर निकालाविरुद्ध प्रोटेस्टसाठी कॅप्टनच्या सहीची जागा असते. ती मुलगी टेबलापाशी आली, पेन उचललं, थोडी थांबली आणि पेन परत ठेवून गेली.

घरी आल्यावर शीटचा फोटो पुन्हा पुन्हा बघितला. चौथ्या क्वार्टरचे फाउल निळ्या पेनने नीट लिहिलेले आहेत. फाउल कुणाचा ते शीट सांगतं, कोणत्या पंचाने दिला ते सांगत नाही.

मग वाचत बसलो. अँडरसन आणि पिअर्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने तपासले होते, त्यांचा निबंध २००९ साली छापून आला. ज्या टीमचे फाउल कमी, तिच्यावर पुढची शिट्टी पडण्याची शक्यता जास्त. यजमानांचे फाउल पाच किंवा त्याहून जास्तने पुढे असतील, तर पुढचा फाउल पाहुण्यांवर जाण्याची शक्यता ६९ टक्के. सातातून दोन गेले की पाचच उरतात. ती ओळ वाचून मी मोबाइल पालथा ठेवला.

तिथे तीन पंच असतात. इथे आयोजक तिसऱ्याचं मानधन वाचवतात आणि दोघांकडून उन्हात दिवसाला चार सामने काढून घेतात. तिसरा असता तर त्या सेंटरचे पाय कुणाच्या तरी नजरेत राहिले असते. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मिळवला, त्यात नेमका रिंगचा खांब आड येतो.

माझा जोडीदार पंच ट्रेलला, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूला, होता. दोन वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेला, चांगला पळणारा मुलगा. परतीच्या एसटीत त्याला विचारलं.

तो म्हणाला, "माझ्या बाजूने ती सेंटर सरकताना दिसली, सर."

"मग शिट्टीनंतर माझ्याकडे का आला नाहीस? दोघांनी बोलायची मुभा असते."

"तुम्ही जवळ होतात. आणि तुम्ही सीनिअर."

"सरकली ती अकरा नंबरने उडी घेण्याआधी, की नंतर?"

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

"ते नाही पाहिलं, सर."