सोमवारचं फुकट लग्न

गेल्या महिन्यात इथे, नेदरलँड्समधल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत, एका लग्नाला गेले. नवरी माझ्या ऑफिसातली, वय अठ्ठावन्न. करवली म्हणून तिचीच थोरली मुलगी. नवरा-नवरी तीस वर्षं एका घरात राहतात. मुहूर्त सोमवारी सकाळचा, कारण त्या वेळी नगरपालिका फी घेत नाही. दोन साक्षीदार, सह्या, पंधरा मिनिटांत मोकळे. मग कॉफी आणि केकचा तुकडा. एकच. मला वडाभाताची पंगत आठवत होती.

संध्याकाळी नागपूरला, इंदोऱ्यात राहणाऱ्या आजीला व्हिडिओ कॉल केला. "तीस वर्सं काय करून राहिले होते मंग?"

करत होते ते कागदच. इथे लग्न न करता राहायचं तर कागद जास्त लागतात: नोटरीकडे सहजीवनाचा करार, मूल झालं की बापाने रीतसर जाऊन 'हे माझं' म्हणून नोंदवायचं, आणि मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्याला वारसा नाही. नवऱ्याच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा दोघांनी हिशेब केला. लग्न स्वस्त पडत होतं!

या देशाने १ एप्रिल २००१ला, जगात सगळ्यात आधी, दोन पुरुषांची आणि दोन बायकांची लग्नं लावली. (आपल्या सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये तो प्रश्न संसदेवर सोडला.) म्हणून मला वाटायचं, हे लोक पहिल्यापासून असेच. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तो भ्रम घालवला. त्यांच्या आईला नवऱ्याच्या सहीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. लग्न झालेली बाई कायद्याने जवळजवळ अल्पवयीनच धरायचे; ते बदललं १९५६च्या कायद्याने.

आता नागपूरच्या माणसाला १९५६ म्हटलं की दीक्षाभूमीच दिसते. आजीचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. होम नाही, सप्तपदी नाही. पांढरं लुगडं, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण-पंचशील, की झालं लग्न. नवरा मात्र तिने त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला. तिची आजेसासू कितीतरी वर्षं म्हणायची, "बिना भटाचं लगन, हे काय लगन झालं?" आजी हे आजही हसत सांगते, आणि माझ्या मैत्रिणीच्या लग्नाबद्दल तिचा सूर अगदी त्याच आजेसासूचा!

सगळं ऐकून तिने एकच विचारलं. "भांडन झालं का मंग थे बाई जाये कुठी? मायेरी?"

'माहेर'ला डच शब्द सापडेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला तिसऱ्याच वाटेने विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला जाऊ? घर माझ्या नावावर आहे. तोच जायचा, त्याच्या आईकडे."

आजीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प.

"बाईच्या नावावर?" मग आत वळून आईला हाक मारली, "ऐकलं का वं?"