पहिली टीएसडी रॅली: टाकीवरची पट्टी कामाला आली

झाली एकदाची! निकालात मधल्या घोळक्यात आहे, पण ते नंतर. आधी गणिताचं बोलतो, कारण या प्रकारात अर्धी रॅली आदल्या रात्री टेबलावरच होते.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. रस्ता वाहतुकीला खुला, गाड्या मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात आणि रोडबुकात (वाटेतले नाके आणि अंतरं दिलेली वही) दिलेली सरासरी राखत जायचं. टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायची जागा, कुठे आहे ते आधी सांगत नाहीत. आमच्याकडे उशिराला सेकंदामागे एक गुण दंड होता, लवकर पोहोचलात तर दुप्पट. पिळायची खुमखुमी असलेल्यांची तिथेच गोची.

कारवाल्यांच्या शेजारी नॅव्हिगेटर बसतो. मोटारसायकलवर ड्रायव्हर आपण, मुनीमही आपणच. म्हणून ताशी 24 ते 40 पर्यंतच्या सरासऱ्यांची पट्टी छापून टाकीवर चिकटवली होती. 24 ला किलोमीटरमागे अडीच मिनिटं, 30 ला दोन, 36 ला 100 सेकंद, 40 ला 90. चालत्या गाडीवर भागाकार करायचा नाही, नुसतं घड्याळ आणि पट्टी ताडून बघायची.

सुरुवातीला आयोजकांनी मोजून ठेवलेला 10 किलोमीटरचा टप्पा असतो. माझं ट्रिप मीटर तिथे 10.2 दाखवत होतं. फरक किरकोळ वाटतो, पण 25 व्या किलोमीटरला तोच अर्धा किलोमीटर होतो, म्हणजे 36 च्या सरासरीला तब्बल 50 सेकंद. रोडबुकातला प्रत्येक आकडा 1.02 ने गुणून समासात पेन्सिलने लिहिला. टप्पा मोजून झाल्यावर टायरच्या हवेला हात लावायचा नाही, नाहीतर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

कामशेतवरून पवनानगरपर्यंत गाडी छान लयीत होती. तिकोना पेठेच्या पुढे म्हशींचा कळप आडवा आला. राखणारे आजोबा निवांत. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता आणि वाजवायचाही नव्हता. 40 सेकंद गेले. आता 36 च्या जागी 40 ने चाललं तर किलोमीटरमागे 10 सेकंद भरून निघतात, म्हणजे चार किलोमीटर दम धरायचा. पुढचा एक जण साठने सुटला आणि वळणामागेच टाइम कंट्रोलचा मार्शल खुर्ची टाकून बसलेला! माझे तोवर पंधराएक सेकंद भरून निघायचे राहिले होते. उशिराचे एकपट, स्वस्तात सुटलो.

ट्युलिपची, म्हणजे रोडबुकातल्या नाक्यांच्या छोट्या चित्रांची, भीती उगाच होती. गोळ्याकडून यायचं, बाणाकडे जायचं. चित्र मापात नसतं, फक्त नाक्याचा आकार खरा. हडशी-कोळवणच्या बाजूला फाटे इतके जवळजवळ आहेत की तिथे दोन ट्रिप मीटर असल्याचा फायदा कळला: एक शेवटपर्यंत शून्य करायचं नाही, दुसरं प्रत्येक नाक्यावर.

खरा वैताग पानं उलटण्याचा. टँकबॅगच्या खिशातलं रोडबुक ग्लोव्ह घालून उलटणं म्हणजे शिक्षा. 2015 ला मोटारसायकलस्वार सी. एस. संतोष डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हाही हँडलवर कागदाची गुंडाळीच असायची. तसाच डबा करायला घेतलाय: ॲक्रिलिकची पेटी, आत पीव्हीसीचे दोन रूळ, बाहेर फिरवायला मुठी. रूळ फिरतात, पण खड्ड्यात कागद सैल पडतो. रुळाच्या टोकाला फेल्टची चकती लावून बघतोय. कुणी याहून बरं काही केलं असेल तर फोटो टाका.