तेरा नव्वे सतरोदरसे

आमच्या सुदामानगरात सकाळी साडेनऊच्या सुमारास भाजीचा ठेला येतो. ठेलेवाला पन्नाशीचा असेल. कागद-पेन्सिल बाळगत नाही, मोबाइल आहे तो गाणी ऐकण्यापुरता. सव्वा किलो भेंडी, पाऊण किलो टमाटर, अर्धा किलो गिलकी असं एकेक तोलून तो माझ्या पिशवीत ओततो, तोवर तोंडातून शब्द नाही. शेवटची गिलकी पडली की म्हणतो, "एक सौ तीस, माताजी." वर मूठभर कोथिंबीर टाकतो, तिचे पैसे नाहीत.

गेलं वर्षभर माझी त्याच्याशी शर्यत चालू आहे. त्याला याचा पत्ता नाही, असा आपला माझा समज. तो तोंड उघडायच्या आत माझा हिशोब झाला पाहिजे. साठाचे सव्वापट पंचाहत्तर, चाळिसाचे पाऊणपट तीस, पन्नासचे निम्मे पंचवीस. इथवर मी येते. घोडं अडतं ते पुढे. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांचा हिशोब मनात मराठीत होतो आणि पैसे द्यायचे हिंदीत. एकोणऐंशीचं उन्यासी होतं, ते एक वेळ ठीक आहे. पण एकोणनव्वदचं नवासी होतं, आणि नवासी म्हटलं की मला वाटतं आपण नव्वदी ओलांडली. साठ वर्षं या गावात काढूनही दर वेळी तिथे पाव क्षण ठेच लागते. तेवढ्यात तो जिंकतो.

या शर्यतीचं मूळ जळलेल्या दुधात आहे. मागच्या वर्षी गॅसवर दूध ठेवून मी गच्चीत कपडे काढायला गेले आणि शेजारणीशी बोलत राहिले. पातेलं गेलं. ही बातमी पुण्याला लेकीकडे कशी पोचली हे सांगायला नको (आमचे हे फोनवर फार खरं बोलतात). तिनं ताबडतोब माझ्या मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचा एक खेळ टाकून दिला. रंगीत चौकोन चमकतात, ज्या क्रमानं चमकले त्या क्रमानं बोट लावायचं. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. महिन्याभरात माझं बोट असं चालायला लागलं की खेळानं जाहीर केलं, तुमच्या मेंदूचं वय बेचाळीस. त्याच संध्याकाळी दूध पुन्हा उतू गेलं.

2010 साली एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 11,430 माणसांना सहा आठवडे संगणकावर असले खेळ खेळायला लावले होते. जो जे खेळला, त्यात तो तरबेज झाला. बाकीच्या कसोट्यांत, अगदी त्या खेळांच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा कसोट्यांतही, फरक पडल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे माझं बेचाळीस वय त्या चौकोनांपुरतं. मग या शर्यतीतल्या पाढ्यांनी तरी दूध उतू जायचं थांबतं का? नाही थांबत. पाढ्यांनी पाढे येतात. पण भाजीचा हिशोब मला रोज करावाच लागतो. चमकणारे चौकोन मला अजून रस्त्यात कधी भेटलेले नाहीत.

पाढे म्हटले की मला रामबागेतलं आमचं जुनं घर आठवतं. दिवेलागणीला आजी आम्हा भावंडांना ओळीनं बसवायची. शुभंकरोती झालं की परवचा सुरू. तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो थोरल्या दादालाच यायचा आणि त्याची त्याला केवढी घमेंड! पाढ्यांतले आकडेसुद्धा रोजच्या बोलण्यातले नव्हते. तेरा नव्वे एकशे सतरा असं कुणी म्हटलं तर आजी कान झाकून घ्यायची. तेरा नव्वे सतरोदरसे. त्या 'सतरोदरसे'च्या ठेक्यावर पुढचा सगळा पाढा उभा असायचा.

आजी चौथी शिकलेली. पण पाढा गुळगुळीत झाला की तिचा त्यातला रस संपायचा, ही तिची खुबी मला आता कळते. आम्ही तेराचा पाढा सुरात, डुलत म्हणून दाखवला की शाबासकी मिळेल असं वाटायचं. ती म्हणायची, "झालं का गाणं? आता अधलंमधलं विचारते." तेरा साते? तेरा चोक? मग आमचे ओठ हळूच सुरुवातीपासून पुटपुटायला लागायचे. ती ते बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. आठवड्याभरात अधलंमधलं जमायला लागलं की उलटा पाढा. तोही आला की हातात वाटाण्याच्या शेंगा: सोलत सोलत म्हणा, आणि दाणे किती झाले तेही सांगा.

धाकट्या भावाचं मात्र सातावर अडायचं. त्याला ती पुढचं काही विचारायचीच नाही. सात पाचे पस्तीस त्याला यायचं, तिथे त्याला उभं करायची आणि म्हणायची, "यात आणखी सात घाल." तो बोटं मोडत बेचाळिसाला पोचायचा. तीनदा चुकला की ती एक पायरी खाली उतरायची, न बोलता. आईनं एकदा विचारलं, याला रोज इतकं सोपं का हो विचारता? आजी म्हणाली, "रडलं की जास्त झालं, जांभई दिली की कमी. ह्याचं अजून रडू येतंय."

परवच्याला पुस्तक उघडायची बंदी होती. मला तेव्हा तो जाच वाटे. 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून कागद मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाचच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढे. आजी हे ऐकून म्हणाली असती, "मग? त्यात काय सांगितलंत?"

आमच्या ह्यांना पाढ्यांचं प्रेम नाही. ते सुडोकू सोडवतात. पंधरा वर्षं रोज पोह्यांबरोबर पेपरातलं मध्यम दर्जाचं सुडोकू, आठ मिनिटांत. शेजारीच 'कठीण' छापलेलं असतं, त्याकडे नजरसुद्धा जात नाही. मी म्हणते, हे कोडं सोडवणं नव्हे, ही नित्यपूजा झाली. सुडोकूला एकच उत्तर यायचं तर निदान 17 आकडे आधी छापलेले लागतात, त्याहून कमी चालतच नाहीत, हे 2012 मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांनी संगणक राबवून सिद्ध केलं. मी हे मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आमच्यात तीसेक असतात. बरं आहे." आणि पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला.

कुणीतरी सांगितलं म्हणून मी डाव्या हातानं दातही घासून पाहिले. दोन दिवस पेस्ट ब्लाउजवर. तिसऱ्या दिवशी हात शिकला आणि मला कंटाळा आला.

खरा व्यायाम मला सापडला तो गावातच. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. त्यांच्या गायकीला इंदूर घराणंच म्हणतात. त्यांचे वडील शाहमीर खाँ यांनी लहानपणी त्यांच्याकडून मेरुखंडाचा रियाज करून घेतला होता. तेराव्या शतकात शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकारांनी ही मांडणी लिहून ठेवली आहे. गोष्ट ऐकायला सोपी: स्वर घ्यायचे आणि ते किती क्रमांनी मांडता येतात ते सगळे म्हणायचे, एकही गाळायचा नाही, एकही दोनदा नाही. तीन स्वरांचे 6 क्रम, चारांचे 24, पाचांचे 120, सहांचे 720, सातांचे 5040. खाँसाहेबांची संथ आलापी ऐकताना हा हिशोब कुठे दिसत नाही. तो इतका आत मुरलेला.

मी शाळेत असताना चार वर्षं गाण्याला जात होते. गळा नव्हता, सुटलं. पण मेरुखंडाला गळा लागत नाही, डोकं लागतं. आमच्या दोघांच्या दुपारच्या पोळ्या सहा. पोळीगणिक एक क्रम मनात म्हणायचा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. पहिले दोन दिवस पाचवी पोळी लाटताना गोंधळ व्हायचा. पंधरवड्यात असं झालं की क्रम संपले तरी मी दुधाचा हिशोब करतेय, म्हणजे लक्ष तिथे नव्हतंच. जांभई आली म्हणायची. मग मध्यम, म्हणजे चौथा स्वर, घेतला. चोवीस. आता पोळीला चार. जुन्या सहा ओळी तशाच धरायच्या आणि प्रत्येकीत मध्यमाला चार जागी बसवून बघायचं, ही युक्ती सापडायला मला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी सापडली त्या दिवशी मी कणकेच्या हातांनी ह्यांना बाहेरून बोलावून सांगितली. त्यांना ती कळली नाही. मला काही फरक पडला नाही.

पंचम हा पाचवा स्वर घेऊन 120 करायचाही प्रयत्न केला. चाळिसाच्या आसपास सगळंच विस्कटलं, एक पोळी करपली, आणि मला खरंच रडू आलं. परत मध्यमावर आले. सध्या मुक्काम तिथेच; आता उलटीकडून म्हणते.

बुधवारी ठेला आला. मी नेहमीप्रमाणे भेंडी निवडली. तोलताना तो म्हणाला, "आज बासठ रुपये किलो." काटा सव्वा किलोवर थांबला. त्यानं टमाटरांना हात लावला नाही. नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मिशीत हसून म्हणाला, "कितना हुआ, माताजी?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

साठाचे पंचाहत्तर. दोन सव्वा अडीच. साडेसत्त्याहत्तर. सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तर... "साढ़े सतहत्तर!" मी जवळजवळ ओरडलेच. समोरच्या घरातली सून दारात आली.

त्यानं मान डोलावली. "अठहत्तर दे दो. आठ आने अब कहाँ चलते हैं."

घरी येऊन पिशवी उपडी केली तेव्हा दिसलं, कोथिंबीर टाकायला तो विसरला होता. टमाटर घ्यायला मी.